टिळ्या आणि एक ते चार

आमच्या सोसायटीत दुपारी एक ते चार या वेळात मरायलासुद्धा बंदी आहे. ही अतिशयोक्ती नाही. मागच्या उन्हाळ्यात दुसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा भर दुपारी गेले, तेव्हा शववाहिनीच्या ड्रायव्हरला गेटबाहेर थांबवून सांगण्यात आलं की चारपर्यंत हॉर्न वाजवू नका, आणि रडायला आलेल्या मंडळींना आधी गच्चीवर पाठवण्यात आलं. आजोबा स्वतः त्याच मताचे होते, त्यामुळे त्यांनीही काही गडबड केली नाही.

गेटवर तशी पाटी आहे. ‘दुपारी १ ते ४ शांतता पाळावी. बेल वाजवू नये. वाजवल्यास दार उघडले जाणार नाही. उघडले गेल्यास जे ऐकावे लागेल त्यास सोसायटी जबाबदार नाही.’ ही पाटी आमचे अध्यक्ष श्रीनिवास परचुरे यांनी स्वहस्ते रंगवली आहे. परचुरेकाका शाळेत भूमिती शिकवायचे. ते निवृत्त झाले, भूमिती झाली नाही. ‘पाऊस येतोय’ असं ते सरळ म्हणत नाहीत. आधी ढग दाखवतात, मग वारा, आणि मग ‘म्हणून’ असं म्हणून छत्री उघडतात.

मी अभिनव. भाडेकरू, अविवाहित आणि यवतमाळचा. या तिन्ही गोष्टी काकांनी पहिल्याच भेटीत जिन्यात उभं करून विचारून घेतल्या आणि तिन्ही उत्तरांनंतर ‘असो’ म्हणाले. माझ्यासोबत चेतन राहतो. शाळेपासूनचा मित्र, खडकीला एका कारखान्यात आहे. पुण्यात आल्यावर पहिल्याच महिन्यात मी माझी वऱ्हाडी घडी घालून बॅगेत ठेवली. चेतनने ठेवली नाही. त्याचा फायदा असा की लोक त्याच्याशी हळू आणि मोठ्याने बोलतात, आणि कामं सगळी मला सांगतात.

तिसरा टिळ्या. टिळ्या हा कुत्रा आहे. तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका, एक कान उभा आणि दुसऱ्याचं अजून काही ठरलेलं नाही. आम्हा तिघांत अस्सल पुणेकर तो एकटाच. शनिवार पेठेतल्या या जागेवर आमची इमारत उभी राहत होती तेव्हा तो वाळूच्या ढिगावर जन्मला. म्हणजे लिफ्टच्या आधीपासूनचा रहिवासी. दोन दिवाळ्यांपूर्वी फटाक्यांना घाबरून तो आमच्या पलंगाखाली शिरला, आणि फटाके संपले हे त्याला सांगायचं आमच्याकडून राहून गेलं. मग लस झाली, गळ्यात पट्टा आला, आणि माझ्या उशीवर माझा अर्धाच हक्क उरला.

स्वभावानेही तो पेठेतलाच. अनोळखी माणसाकडे बघून शेपूट हलवत नाही. ओळखीच्या माणसाकडे बघून हलवतो, पण एकदाच. दुपारी जेवला की एक ते चार डाव्या कुशीवर झोपतो. आणि त्या वेळात कोणी बेल वाजवली, आमचीच असं नाही, कोणाचीही, तर उठून असा काही भुंकतो की कुरियरवाला पार्सलसकट रस्ता ओलांडतो. म्हणजे काकांच्या पाटीची अंमलबजावणी करणारा अख्ख्या सोसायटीत हा एकच जीव. आणि त्याच्याविरुद्ध तक्रार आली ती एक ते चार शांतता भंग केल्याची.

सभा गच्चीवर भरली. भाडेकरूला मत नसतं, पण खुर्च्या मांडायला बोलावतात, म्हणून मी हजर होतो. पहिल्या मजल्यावरच्या पूर्णिमाताई म्हणाल्या, टिळ्यामुळे त्यांना दुपारी झोप लागत नाही. पूर्णिमाताईंकडे मफिन नावाचा पग आहे. तो दिवसभर घोरतो, खोकतो आणि मधूनमधून कुकरसारखी शिट्टी सोडतो. मी ते नम्रपणे सभेच्या निदर्शनास आणलं.

“तो भुंकत नाही,” पूर्णिमाताई म्हणाल्या. “त्याला श्वासाचा त्रास आहे. डॉक्टरांचं सर्टिफिकेट आहे आमच्याकडे.”

“टिळ्यालाही आहे ना.”

“त्याला काय आहे?”

“तत्त्वं,” मी म्हणालो.

हे बोलायला नको होतं. काकांनी चष्मा पुसला आणि ठराव मांडला: एक ते चार या वेळात भुंकणारा पाळीव प्राणी सोसायटीतल्या कोणत्याही सदनिकेत ठेवता येणार नाही. हात वर जायला लागले तसा मी उभा राहिलो. “काका, एक संधी द्या. येत्या रविवारी एक ते चार तो एकदाही भुंकला नाही, तर राहू द्या. भुंकला तर मी स्वतः...”

वाक्य पूर्ण करायची गरजच पडली नाही. सर्वानुमते मंजूर. या गच्चीवर पाण्याच्या टाकीचं झाकण बदलायचा विषय दोन वर्षं चालला होता. माझ्या कुत्र्याचा निकाल चहा यायच्या आत लागला. आमच्या मालकीणबाई सांगलीला असतात. त्यांना तो मी गच्चीवरून खाली उतरायच्या आत कळला. त्यांनी फोन करून सांगितलं, “कुत्रा भुंकला तर कुत्रा जाईल. कुत्रा गेला नाही तर तुम्ही जाल. मला सोसायटीत नाव खराब करून घ्यायचं नाहीये.” मी विचारलं, कोणाचं नाव? त्यांनी फोन ठेवला होता.

मग आठवडाभर सल्ले. सल्ला ही आमच्या सोसायटीत एकमेव गोष्ट आहे जी भाडेकरूलाही मिळते. तळमजल्यावरच्या सुशीलाबाई म्हणाल्या, “दुपारी त्याला दहीभात घाला, वर ताक पाजा. आमचे हे ताक प्यायल्यावर बँकेतून फोन आला तरी उठत नसत.” एकांनी होमिओपॅथीच्या गोळ्या सुचवल्या. एकांनी कानात कापूस घालायला सांगितलं. मी विचारलं, “टिळ्याच्या?” ते म्हणाले, “आमच्या. पण तुम्ही आणून द्यायचा.” फोनवर एका श्वान-मानसतज्ज्ञाचा व्हिडिओ पाहिला. त्याचं म्हणणं, कुत्रा भुंकतो कारण मालक आतून दुःखी असतो. हे खरं असतं तर टिळ्याने आत्तापर्यंत श्वास घ्यायलासुद्धा थांबायला नको होतं.

शेवटी चेतनने मार्ग काढला. “लेका, जेथं बेलच नाई तेथं घेऊन जाऊ ना त्याले.”

“कुठे?”

“डोंगरावर. एक ते चार डोंगरावर काढायचे, संध्याकाळी खाली. कोन येते तेथं कुरियर घेऊन?”

मला चेतनचा पहिल्यांदा अभिमान वाटला. सिंहगड बाद, कारण तिथे रविवारी झेंडा लावायलाही जागा नसते. पण मुळशीच्या बाजूला एक डोंगर आहे, जिथे कोणीच जात नाही. नाव सांगणार नाही. सांगितलं तर पुढच्या रविवारी तिथे कांदाभज्यांचा स्टॉल लागेल आणि भज्यांच्या रांगेत मीच उभा असेन. चेतनच्या कारखान्यातल्या एकाची जुनी व्हॅन मागून आणली. बेत गुप्त होता. म्हणजे फक्त सुशीलाबाईंनी व्हॅन पाहिली.

रविवारी थंडीत कुडकुडत खाली आलो तर पूर्णिमाताई मफिनला घेऊन उभ्या. मफिनच्या अंगात लाल स्वेटर, त्यावर हरणाचं चित्र. “जाताच आहात तर यालाही न्या. डोंगरावर ऑक्सिजन असतो.” मी काही बोलायच्या आत तिसऱ्या मजल्यावरच्या घाट्यांनी सुलतानची साखळी माझ्या हातात दिली. सुलतान हा लॅब्रेडॉर आहे आणि दिसायला फ्रीज. “डॉक्टरांनी चालायला सांगितलंय त्याला,” घाटे म्हणाले आणि स्वतः लिफ्टने वर गेले. माझ्याच कुत्र्याला घालवायला हात वर केलेली ही माणसं. पण मी दोन्ही कुत्री घेतली. न जाणो, कोणाच्या तरी मनाला पाझर फुटेल, असं वाटलं. चार वर्षं पेठेत राहूनही माणूस इतका भाबडा राहू शकतो.

व्हॅनच्या पुढच्या सीटवर परचुरेकाका बसलेले होते. माकडटोपी, मफलर, काठी, मांडीवर डबा.

“काका, तुम्ही कुठे?”

“चाचणीला.”

“पण चाचणी तर इमारतीत...”

“ठरावात भुंकण्याच्या स्थळाचा उल्लेख नाही, अभिनव. कुत्रा आणि वेळ, दोनच गोष्टी दिलेल्या आहेत. म्हणून, कुत्रा जिथे असेल तिथे चाचणी. चला, दार नीट लावून घ्या.”

संपूर्ण रस्ताभर काकांनी चेतनला गाडी शिकवली. चेतन दहा वर्षं गाडी चालवतो आणि काकांना गाडी येत नाही, पण शिकवण्याचा याच्याशी काही संबंध नसतो. मागे सुलतान माझ्या पायांवर बसला होता, टिळ्या खिडकीतून बाहेर बघत होता आणि मफिन शिट्ट्या सोडत होता. चांदणी चौकात ट्रॅफिक हवालदाराने दोनदा दचकून स्वतःच्या तोंडाला हात लावून पाहिला.

पायथ्याच्या गावात नाका होता. गावच्या समितीचा. खुर्चीत घोंगडी पांघरून ज्ञानदेव नावाचे गृहस्थ बसले होते.

“पाळीव कुत्र्यास्नी वर बंदी हाय,” ते म्हणाले.

“पण आम्ही लांबून आलोय हो.”

“लांबून आला म्हनून कुत्रं बदलतंय व्हय?”

तेवढ्यात नाक्याच्या मागून एक पिवळा कुत्रा निघाला आणि रमतगमत डोंगराच्या वाटेला लागला. मी बोट दाखवलं. “मग तो?”

“त्ये गावचं हाय. त्येच्या गळ्यात पट्टा न्हाय.”

मग चेतन खाली बसला आणि त्याने टिळ्याचा पट्टा काढला. ज्ञानदेवांनी टिळ्याला पुढून बघितलं, मागून बघितलं.

“आता ह्ये कुनाचंच न्हाय,” ते म्हणाले. “जाऊ द्या.”

“ही शुद्ध पळवाट आहे!” काका कडाडले. “पट्टा काढल्याने कुत्र्याचा गुणधर्म बदलत नाही!”

“आवं बाबा, तुमी बी बिनपट्ट्याचंच आलाय की. जावा वर गुमान.”

सुलतानचा पट्टा काढला तेव्हा ज्ञानदेव साशंक झाले. गावात एवढं खायला कोणाकडे आहे, हा त्यांचा मुद्दा होता. शेवटी तो सरपंचांच्या घरचा आहे असं धरून चालायचं ठरलं. मफिनशी मात्र गाडं अडलं. “स्वेटर घातल्यालं गावठी कुत्रं आमच्याकडं न्हाय.” स्वेटर काढून पाहिला, तर तो कुत्रा आहे यावरच त्यांचा विश्वास बसेना. मग स्वेटर परत घालून मफिनला चेतनच्या पाठीवरच्या सॅकमध्ये बसवलं. नाका ओलांडताना सॅकमधून शिट्टी झाली.

“आत काय हाय?”

“कुकर,” चेतन म्हणाला.

“वर सैपाकाला बंदी हाय.”

“रिकामाच हाये, काका.”

डोंगर सुंदर होता. हे मला नाइलाजाने सांगावं लागतंय, कारण त्या दिवसाबद्दल चांगलं सांगण्यासारखं एवढंच आहे. गवत वाळून सोन्यासारखं झालेलं, खाली दरीत धुकं अडकून पडलेलं, ऊन होतं पण नुसतं बघण्यापुरतं. कुठे हॉर्न नाही, मोबाइलला रेंज नाही. टिळ्या पुढे धावायचा, वळून बघायचा, परत यायचा. गळ्यात काही नसलेला टिळ्या मी कित्येक दिवसांनी पाहत होतो. तो हलका दिसत होता. मला तेव्हा जरा वाईट वाटलं आणि का ते कळलं नाही.

माथ्यावर पोहोचलो. काकांनी डबा उघडून खडकावर ठेवला आणि हात धुवायला वळले. थालीपिठं होती, लोण्याचा गोळा होता. काका परत वळले तेव्हा डबा होता. सुलतान क्षितिजाकडे बघत उभा होता आणि त्याच्या मिशीला लोणी होतं. त्या दिवशी त्याने जी पहिली हालचाल आपणहून केली ती हीच. काकांनी डबा बंद केला. आमच्या पोळी-भाजीतली अर्धी पोळी खाल्ली, बाटलीतलं पाणी प्यायले, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, “एक. चाचणी सुरू.”

त्या क्षणापासून आम्ही कुजबुजू लागलो. वास्तविक आमच्यावर बंदी नव्हती. पण सवय.

टिळ्याची त्या दुपारी देवाने परीक्षा घ्यायची ठरवली होती. पिवळा कुत्रा येऊन त्याला हुंगून गेला. टिळ्या गप्प. वानरांची टोळी आली. एका वानराने माझी टोपी उचलली, घालून पाहिली, आवडली नाही म्हणून दरीत टाकली. सुलतान माझ्या मागे लपला, म्हणजे लपण्याचा प्रयत्न केला. टिळ्याने एक डोळा उघडला, वानरांकडे पाहिलं, आणि डाव्या कुशीवर वळून तो परत मिटला. सॅकमध्ये मफिन शिट्ट्या सोडत होता.

“काका, हे ऐकताय ना?” मी कुजबुजलो.

“मफिन चाचणीत नाही.”

पण काकांचं लक्ष उडालं होतं. चाळीस वर्षांची सवय अर्ध्या पोळीवरही सुटत नाही. मान खाली येत होती, वर जात होती. शेवटी ते काठी टेकत उठले. “मी तिकडे जरा आडवा होतो. डोळे मिटतोय, कान नाही. हे लक्षात असू द्या.” पलीकडे झुडपाआड एक सपाट कातळ होता. तिथे शाल अंथरून काका शास्त्राप्रमाणे डाव्या कुशीवर निजले. शास्त्र लिहिणाऱ्यांनी दरी कुठल्या बाजूला असावी याबद्दल काही लिहिलेलं नाही. ती डावीकडे होती.

आम्हीही पडलो. ऊन कोवळं होतं, टिळ्या गाढ होता, आणि पहिल्यांदाच मला वाटलं की हे जमणार आहे. रात्री टिळ्या माझ्या उशीवर घोरेल, मी त्याला ढकलेन, तो ढकलला जाणार नाही. बस, एवढंच हवं होतं. यासाठी मी डोंगरावर आलो होतो.

आणि टिळ्या भुंकला.

साधा नाही. कुरियरवाल्यावरही कधी भुंकला नसेल असा, सगळं अंग हलवून, दरीने परत फेकावा असा. मी उठून धावलो. इथे मला एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे: हा का भुंकतोय असं मला वाटलं नाही. मी त्याचं तोंड दोन्ही हातांनी गच्च धरलं आणि म्हणालो, “गप टिळ्या, गप, काका ऐकतील!” त्याने माझ्या हातातून मान सोडवली आणि पुन्हा भुंकला. तेव्हा मी झुडपापलीकडे पाहिलं. शाल होती. काका नव्हते.

चेतन डोळे चोळत आला. त्याने रिकामी शाल पाहिली, टिळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“भुंकला ना बे हा.”

“हो.”

“कोनी आयकलं?”

“आपण दोघांनी.”

“म्हनजे कोनीच नाई.”

खालून आवाज आला. बारीक, पण स्पष्ट. “मी ऐकलं.”

काका कड्याखालच्या एका पट्टीवर करवंदीच्या जाळीत बसले होते. माकडटोपी तिरकी, चष्मा नाही, नाकावर ओरखडा. जाळी नसती तर मी हे लिहीत नसतो, कोणी दुसऱ्याने माझ्याबद्दल लिहिलं असतं.

“काका! किती वेळ झाला? हाक मारायची ना!”

“एक ते चार?” काका म्हणाले.

त्यांना वर काढायला आमच्याकडे दोर नव्हता. दोन पट्टे होते आणि त्यांच्या दोन साखळ्या, एक मफिनचा छातीपट्टा, आणि काकांची शाल. सगळं एकमेकांना बांधलं. काकांनी छातीपट्टा काखेतून घातला. तो पगच्या मापाचा होता, पण काका बारीक आहेत. चेतन आणि मी ओढत होतो. मागचं टोक सुलतानच्या अंगाला बांधलं आणि त्याच्यापुढे उरलेली पोळी धरली. आयुष्यात प्रथमच सुलतान कुठेतरी पोहोचण्यासाठी धावला. अशा रीतीने आमच्या सोसायटीचे अध्यक्ष साखळीला बांधलेले असे, चार पायांवर, डोंगराच्या माथ्यावर आले. टिळ्या अखेरपर्यंत कड्यावर उभा राहून त्यांच्यावरच नजर ठेवून होता.

वर आल्यावर काका खडकाला टेकून बसले. मफिनचा स्वेटर त्यांच्या गुडघ्याला बांधला होता, हरीण वर आलं होतं. मग त्यांनी खरचटलेला हात पुढे केला आणि टिळ्याचा तो न ठरलेला कान खाजवला. मी त्यांचे डोळे पाहिले. परतताना पुढची सीट त्यांनी टिळ्याला दिली आणि स्वतः मागे सुलतानपाशी बसले. चेतनला एकदाही गाडी शिकवली नाही. चेतनने मला आरशातून डोळा मारला. मीही मारला.

गेटवर सगळी सोसायटी जमली होती. काकांनी जाळी, कडा, भुंकणं, सगळं क्रमवार सांगितलं आणि एकही गोष्ट आमच्याविरुद्ध फिरवली नाही. सुशीलाबाईंनी टिळ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या. पूर्णिमाताईंनी त्याच्यासोबत फोटो काढला, मफिनला माझ्या हातात देऊन. घाटे म्हणाले, “माणसांपेक्षा कुत्री बरी हो,” आणि माझ्याकडे पाहिलं. मी चार वर्षांत पहिल्यांदा त्या आवारात नीट, भिंतीला न चिकटता उभा राहिलो.

काकांनी घसा खाकरला. “आता चाचणीचा निकाल.”

“काका?” मी म्हणालो.

“दिलेलं असं: एक ते चार या वेळात कुत्र्याने भुंकू नये. तो तीनच्या सुमारास भुंकला. साक्षीदार मी स्वतः. म्हणून, नापास.”

“काका, तो तुमच्यासाठी भुंकला!”

“ते कारण झालं. ठरावात कारणाचा उल्लेख नाही.”

“तो भुंकला नसता तर?”

“तर पास झाला असता.”

“आणि तुम्ही?”

“मी चाचणीत नव्हतो, अभिनव.” मग त्यांनी आवाज खाली आणला, आणि हे ते मनापासून बोलत होते, तेच जास्त वाईट होतं. “त्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पण ते माझे आणि त्याचे. त्यात सोसायटीला कशाला आणायचं?”

जमलेल्यांनी माना डोलावल्या. काकांसारखा तत्त्वाचा माणूस होणे नाही, असं एकजण म्हणाला. टिळ्याला पुन्हा एकदा सगळ्यांनी थोपटलं. मग सगळे आपापल्या घरी गेले. मी आणि चेतन सामान बांधायला वर गेलो.

महिनाअखेर खडकीला खोली घेतली. चेतनच्या कारखान्याजवळ. मालकाने एकच विचारलं, कुत्रा चावतो का? भुंकतो का, असं विचारलं नाही. टिळ्याला नवा पट्टा घेतला, निळा. पहिल्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी पट्ट्यातून मान काढून निघून गेला. पूल ओलांडून, शनिवार पेठेत, पायी. आम्ही जाऊन आणला. परत गेला. पुन्हा आणला, पुन्हा गेला. चेतन म्हणाला, “पेठेतला मानूस नदी ओलांडून राहायले येत नाई लेका. आपन उगाच ओढून राह्यलो.”

शेवटच्या वेळी मी आणायला गेलो तेव्हा टिळ्या गेटच्या आत, पाटीच्या खाली पसरला होता. शेजारी स्टीलची ताटली, वर तुपाचा डाग. काका झाडांना पाणी घालत होते.

“काका, हा इथे कसा चालतो आता?”

“ठराव सदनिकेतल्या पाळीव प्राण्यांबद्दल आहे. याच्या गळ्यात पट्टा नाही, म्हणून हा पाळीव नाही. तो अंगणात आहे, म्हणून सदनिकेत नाही. म्हणून ठराव लागू नाही.”

“तुम्हीच म्हणाला होतात ना, पट्टा काढल्याने कुत्र्याचा गुणधर्म बदलत नाही?”

“ती डोंगरावरची भूमिती होती,” काका म्हणाले आणि तुळशीकडे वळले.

मी निळा पट्टा खिशातच ठेवला. टिळ्या उठला नाही.

आता तो तिथेच असतो. चार वाजता काका त्याला तूप-पोळी घालतात. सुशीलाबाई ताक पाजतात. पूर्णिमाताई त्याला ‘आमचा टिळू’ म्हणतात, आणि एक ते चार तो बेल वाजवणाऱ्यांवर भुंकतो त्याला सोसायटीत ‘रखवाली’ म्हणतात. कोणाची झोप मोडत नाही.

मध्यंतरी एका रविवारी मला राहवलं नाही. बिस्किटांचा पुडा घेऊन गेलो. त्याला आवडणारी, नारळाची. वेळेचा विचारच केला नाही. माझ्याच घरी जातोय असं डोक्यात होतं. गेट ढकललं, बिजागरी करकरली. पाटीखाली टिळ्याने एक डोळा उघडला. मी हळूच म्हणालो, “टिळ्या.”

तो उठला. आळस दिला. आणि माझ्याकडे बघून भुंकला. कुरियरवाल्यावर भुंकतो तसा.

वरची एक खिडकी उघडली. काकांचा हात बाहेर आला. एका बोटाने त्यांनी पाटी दाखवली. हात आत गेला, खिडकी बंद झाली.

मी बाहेर आलो, गेट आवाज न करता लावलं आणि फुटपाथवर बसलो. चारला बराच वेळ होता. अर्धा पुडा मीच खाल्ला.

चार वाजता टिळ्या गेटच्या फटीतून बाहेर आला. माझ्या बुटांचा वास घेतला, मग गुडघ्याचा, मग मला ओळखलं. शेपूट हलवली.

एकदाच.